गाळलेली ओळ

मी प्रौढांच्या साक्षरता वर्गात पाऊल टाकलं आणि पहिल्याच दिवशी एका सुताराला कामाला लावलं. दाराशी बाक उलटा करून तो त्याचा पाय ठोकत होता.

"मिस्त्री, झालं की खिडकीजवळचाही बघा… फार डुगडुगतो."

त्याने बघितला. दोन खिळे मारले, हलवून खात्री केली — आणि त्याच बाकावर वही उघडून बसला.

"तुम्ही… शिकायला आलात?"

"बाक ठीक करून घेतलात, आता बसू तरी द्या, मॅडम."

वर्ग खो-खो हसला. माझे कान तापले.

मी शिक्षणशास्त्रात संशोधन करत होते. मोठ्या माणसांचं शिकणं कुठे अडतं, ते मला त्यांच्याच डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून अकरा जणांना एकेक साधा कॅमेरा दिला. जिथे अडतं तिथला फोटो काढायचा, मग माझ्यासमोर बसून त्याबद्दल बोलायचं. मी फक्त ऐकायचं.

कुणी बसची पाटी आणली, कुणी बँकेचा फॉर्म. मिस्त्रीने आणला घड्यांवर झिजलेल्या एका पत्राचा फोटो.

"वडिलांचं," तो म्हणाला. "तेव्हा मला वाचता येत नव्हतं. शेजाऱ्याने वाचून दाखवलं. सगळं ठीक आहे, काळजी नको. महिन्याभरात वडील गेले. इथे येऊन चार महिने झाल्यावर मी स्वतः वाचलं. अक्षराला अक्षर लावत. शेवटी एक ओळ होती… 'जमलं तर एकदा येऊन जा.' शेजाऱ्याने ती गाळली होती."

"का?"

"घाईत असेल. कुणास ठाऊक."

रेकॉर्डर चालू होता.

त्यानंतर त्याच्या मुलाखती लांबत गेल्या. रेकॉर्डर बंद केला तरी माझा पाय निघत नसे. सागवान कसं समजूतदार, बाभूळ कशी हट्टी, तो सांगत राही. मी ऐकत राही…

एकदा त्याने विचारलं, "मॅडम, चेहऱ्याचा फोटो काढायला संमतीची सही लागते ना?"

"लागते."

"मग तुमची कुठे घ्यायची?"

"शिकण्याच्या आड येतं त्याचे फोटो काढायचेत, मिस्त्री."

"तेच तर म्हणतोय…"

मी हसले. आणि घरी पोचेपर्यंत हसू पार मावळलं. ज्याचं बोलणं तटस्थपणे ऐकायचं, त्याच्यातच माझा जीव गुंतला होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "त्याचे फोटो वगळ, मग भेटायला मोकळी. नाहीतर त्याच्या उरलेल्या मुलाखती मी घेतो, पण प्रबंध जमा होईपर्यंत तू त्याला भेटायचं नाहीस. आणि हे प्रबंधात लिहायचं."

मी मिस्त्रीला दोन्ही वाटा सांगितल्या. मनात एकच धावा होता — फोटो वगळा म्हण…

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "पत्र राहू द्या, मॅडम. मला वगळा. ती ओळ दुसऱ्यांदा कुणी गाळायला नको."

आठ महिने मी त्या रस्त्याने गेले नाही.

प्रबंध जमा केला त्या दुपारी थेट त्याच्या कारखान्यात गेले. तो फळीला रंधा मारत होता. मला पाहून त्याचा हात थांबला.

"पत्र छापलंय," मी म्हटलं. "पूर्ण."

त्याने मान हलवली. डोळे पुसले, भुशाच्याच हाताने.

"आणि मी आलेय," मी एक पाऊल पुढे टाकलं, "ती संशोधनासाठी नाही."

त्याने घाईघाईने स्टूल झटकलं. "बसा ना, मॅडम…"

"मॅडम नको. 'बसा'ही नको."

तो लाजला. मी उभीच राहिले.

"बस," तो अगदी हळू म्हणाला.

मी बसले.