धाकट्याच्या घराचा रस्ता

मानवजातीचा सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: कोणाला कुठला रस्ता कळू द्यायचा आणि कोणाला नाही. या प्रश्नावर राज्यं उभी राहिली, कोसळली, सेनापती अमर झाले आणि वाटाडे फासावर गेले. थोरल्याच्या घरात हा प्रश्न चपलांच्या कपाटावर ठेवलेला एक डबा सोडवत असे. डबा राखाडी होता, त्याला फडकं लावायला घरातल्या सगळ्यांना बंदी होती, आणि म्हणून त्याच्यावर बोटभर धूळ होती.

डबा म्हणजे राउटर. थोरला एका मोठ्या कंपनीत नेटवर्कचं काम बघे. कंपनीनं नवे राउटर घेतले तेव्हा जुन्यांतले तीन त्यानं रीतसर परवानगी काढून घरी आणले. एक आपल्याकडे लावला, एक धाकट्या भावाकडे, आणि एक ताईकडे, ती नको नको म्हणत असताना. तीन घरांना एवढ्या सरंजामाची काही गरज नव्हती. पण सुताराच्या घरी पाट जरा जास्तच गुळगुळीत असतो, तसंच हे.

हे डबे सतत एकमेकांशी बोलत असतात, असं त्यानं आईला समजावून सांगितलं होतं. माझ्याकडून अमक्याकडे जाता येतं, तुझ्याकडून कुठे जाता येतं, अशी त्यांची विचारपूस अखंड चालू. एखादा रस्ता बंद पडला की लगेच दुसरा शोधतात आणि सगळ्यांना कळवतात. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे जिन्यातल्या बायका." थोरल्याला हे मुळीच आवडलं नाही. कंपनीतल्या नव्या लोकांना शिकवताना मात्र तो हेच उदाहरण स्वतःचं म्हणून देऊ लागला.

आई दोघा मुलांकडे आलटून पालटून राही. कागदोपत्री समान वाटणी होती. प्रत्यक्षात आई थोरल्याकडे शरीरानं असे. धाकट्याच्या घरी खेळण्यांच्या कोपऱ्यात एक कॅमेरा होता, आणि थोरल्यानंच मोठ्या हौसेनं जुळवून दिलेल्या टॅबलेटवर आई दिवसभर नातीला बघत बसे. नात उठली, नात पडली, नातीनं चमचा फेकला. थोरल्याचा स्वतःचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला लागला होता, म्हणजे बघण्यासारखं त्याच्यात काही उरलं नव्हतं. शिवाय आईच्या बोलण्यात धाकट्याच्या घरचं सगळंच वरचढ. त्याच्याकडे नळाला पाणी कसं जोरात येतं. त्याच्याकडे खिडकीतून वारा येतो. त्याच्याकडची लिफ्टसुद्धा शहाण्यासारखी थांबते.

थोरल्याच्या पोटात दुखे. या दुखण्याला औषध नाही हे तो जाणून होता. तरी जेवणानंतर एक गोळी घेई.

एका दुपारी तो कामावरून लवकर आला. येताना आईसाठी त्यानं मऊ तळव्यांच्या चपला आणल्या होत्या. त्या तिच्यापुढे ठेवल्या. आई टॅबलेटवरची नजर न काढता म्हणाली, "ठेव तिथे. धाकट्यानं परवाच आणल्यात तसल्या."

थोरला उठला, लॅपटॉप उघडला आणि डब्यावर एक फिल्टर लावला.

फिल्टर ही साधी गोष्ट आहे. शेजारचा डबा रस्ते सांगतोय, सांगू दे. आपण आपल्या दारात चाळणी धरायची आणि नको असलेला रस्ता आत घ्यायचा नाही. सांगणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तो सांगतच राहतो, इतरांना तो रस्ता माहीत असतोच, फक्त आपल्या घराला ठाऊक नसतो. थोरल्यानं पहिली ओळ लिहिली: धाकट्याकडचा रस्ता घेऊ नये. मग दुसरी: बाकी सगळे घ्यावेत. ही दुसरी ओळ फार महत्त्वाची. ती नसेल तर डबा समजतो की ज्याचं नाव घेतलं नाही ते सगळंच नको, आणि एक रस्ता अडवायला गेलेला माणूस जगाला मुकतो. नवशिके हमखास इथे आपटतात. थोरला नवशिका नव्हता.

टॅबलेट काळा पडला. आईनं तो हलवला, पदरानं पुसला. "दिसत नाही रे."

"त्यांच्याकडचं काहीतरी बिघडलं असेल," थोरला म्हणाला, आणि त्या दिवशी गोळी घ्यायला विसरला.

आई एकदोन दिवस चुळबुळली. मग टॅक्सी बोलावून धाकट्याकडे निघाली. वर्षानुवर्षं जात होती तोच रस्ता. थोडा वेळ गेला आणि तीच टॅक्सी परत दारात उभी. आई मागे बसलेली, नाराज. ड्रायव्हर खाली उतरून मान खाजवत होता. त्याचं म्हणणं, चष्म्याच्या दुकानापर्यंत सगळं बरोबर होतं. तिथून डावीकडे वळलो आणि हीच इमारत आली. दोनदा गेलो, दोनदा आली. भाडं घ्यायलाही तो तयार होईना.

थोरल्याच्या बायकोनं धाकट्याच्या मुलीसाठी विणलेला स्वेटर कुरिअरनं पाठवला. "पत्ता सापडला नाही" असा शिक्का मारून तो परत आला. ताईकडे पाठवलेली भांडी व्यवस्थित पोचली. फोनवर धाकटा हसत होता. त्याच्याकडे सगळे येत होते, दूधवाला, शाळेची गाडी, बायकोचं अख्खं माहेर. फक्त तुमच्याकडून निघालेलं काही पोचत नाही, म्हणाला.

थोरला तर्कानं चालणारा माणूस. तो स्वतः निघाला. पेट्रोल पंप. मग लाँड्री, तिच्या दारातून येणारा गरम वाफेचा वास. मग चष्म्याचं दुकान, काचेत एकाच चेहऱ्यावरचे वाटावेत अशा चष्म्यांच्या रांगा. डावं वळण. समोर त्याचीच इमारत, तिसऱ्या मजल्यावर त्याचीच बायको कपडे वाळत घालत होती. तिनं त्याला पाहिलं आणि हातातला चिमटा तसाच धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी तो कामाच्या ठिकाणाहून परस्पर धाकट्याकडे गेला. सरळ पोचला. रस्ता होता, सिग्नल होते, धाकट्याची इमारत जागच्या जागी होती.

तिथे, फाटकाशी उभं राहून त्याला सगळं कळलं. हा रस्ता फक्त त्याच्या घराला ठाऊक नव्हता. घरी जाऊन ती ओळ पुसायची, एवढंच काम होतं. वर न जाताच तो वळणार, तेवढ्यात त्याची नजर धाकट्याच्या बाल्कनीकडे गेली. तिथे एक आरामखुर्ची मांडून ठेवली होती. उन्हाच्या बाजूला पाठ, पायाखाली छोटं स्टूल, पाठीशी उशी, आईला लागते तशी, जरा डावीकडे सरकवलेली. थोरल्याकडे आई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसे. उशीचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

तो घरी गेला. ओळ पुसली नाही.

यानंतरचे काही दिवस थोरल्याच्या आयुष्यातले सुखाचे दिवस म्हणायला हवेत. आई त्याच्याशी बोलू लागली. दुसरं कोणी नव्हतंच. तिनं त्याच्या नोकरीची चौकशी केली, केस पांढरे झाल्याचं तिच्या लक्षात आलं. एकदा तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. फिरवता फिरवता म्हणाली, "धाकट्याचे अजून काळे आहेत," पण थोरल्यानं तेवढं सोडून दिलं.

मग आईला नेण्यासाठी धाकटा स्वतः आला. यायला काहीच अडचण पडली नाही. आईनं पिशवी भरली, दोघं हसत खेळत उतरले, आणि थोड्या वेळानं हसत खेळत परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्यांदा परतल्यावर धाकट्याचा चेहरा उतरला होता.

"दादा, तू ये रे माझ्याबरोबर. मला माझं घर सापडत नाहीये."

ते वाक्य त्यानं गमतीत म्हटलं होतं. पण शेवटी आवाज चिरकला.

आई मात्र खुशीत होती. तिनं धाकट्याला आपल्याजवळ बसवलं, त्याला काय हवं नको ते बघितलं, थोरल्याच्या कपाटातला थोरल्याचा सदरा त्याला काढून दिला. तो त्याला बेतल्यासारखा बसला.

बायकोनं थोरल्याला बाजूला घेतलं. "अहो, त्या डब्याला काही केलंत का तुम्ही?"

"काही नाही," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मग जे केलं नाहीत ते निस्तरा."

थोरला चपलांच्या कपाटापाशी स्टूल ओढून बसला. लॅपटॉप मांडीवर घेतला. पडद्यावर त्या दोन ओळी होत्या. पहिली पुसायची होती. आतून आईचा आवाज येत होता. ती धाकट्याला सांगत होती, "तू आलास आणि या घरात पहिल्यांदा करमायला लागलं बघ."

थोरल्याचं बोट खाली आलं.

पडद्यावर एकच ओळ उरली. धाकट्याकडचा रस्ता घेऊ नये. खालची गेली होती.

डब्यावरचे हिरवे दिवे एकेक करून विझले. एक तेवढा राहिला.

नवशिके इथेच आपटतात. थोरल्यानं झटकन ती ओळ परत लिहिली. मग पहिली पुसली. मग फिल्टरच काढून टाकला. दिवे परत लागले, सगळे रस्ते डब्याला परत कळले, सगळं अगदी बरोबर होतं. टॅबलेटसुद्धा उजळला. नातीचा खेळण्यांचा कोपरा दिसू लागला. नात मात्र तिथे नव्हती.

त्यानं बायकोला सांगितलं, झालं.

बायको दूध आणायला खाली गेली.

तिच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज तो ऐकत होता. खाली, आणखी खाली, मग बारीक होत गेलेला. मग तो आवाज वरून यायला लागला.

ती वरच्या मजल्याच्या जिन्यानं उतरून दारात आली. हातात रिकामी पिशवी. चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि आत गेली.

थोरल्यानं डब्याची वायर भिंतीतून उपटली. मग स्वतः उतरला. एक मजला, दुसरा, तिसरा. प्रत्येक मजल्यावर त्याचंच दार होतं, आणि प्रत्येक दारातून आईच्या हसण्याचा आवाज येत होता. चौथ्या दाराला तो थकून आत शिरला.

गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला. परत निघाला आणि परत आला. मग कुरिअरवाला आला. मग वीजमीटर बघणारा. येताना कोणालाच अडचण नव्हती. सगळ्यांना थोरल्याच्या घराचा रस्ता तोंडपाठ होता. सगळे आधी हसले, मग फोन लावून बघितले, मग भिंतीला टेकून खाली बसले. बायको पाणी देत फिरत होती.

संध्याकाळच्या आत धाकट्याची बायको नातीला कडेवर घेऊन आली. नवरा फोन उचलत नाही म्हणून निघाले, म्हणाली. ती दारातच होती तेव्हा थोरला ओरडला असता तर कदाचित ती मागच्या मागे वळली असती. त्यानं तोंड उघडलंही. पण आईनं नातीला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते थोरल्यानं आपल्यासाठी कधी पाहिलं नव्हतं. बघता बघता नात आत आली आणि दार लागलं.

पाठोपाठ ताई आली. तिच्या मागे तिचा नवरा.

थोरला खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली रस्त्यावर नेहमीसारखी माणसं होती, कोणी फोनवर बोलत, कोणी पिशव्या घेऊन, कोणी उगाच. ऊन तिरपं पडलं होतं, सगळ्यांच्या सावल्या लांब झाल्या होत्या. पेट्रोल पंपाकडून येणारे इकडे येत होते. चष्म्याच्या दुकानाकडून येणारेही इकडेच येत होते. तिकडे जाणारं कोणी नव्हतं.

दारावरची बेल वाजली. मग जिन्यात आणखी पावलं.

खोली माणसांनी आणि त्यांच्या श्वासांनी गच्च भरली होती. मधोमध आई बसली होती, मांडीवर नात, एका बाजूला धाकटा, दुसऱ्या बाजूला ताई. इतकी सुखात तिला थोरल्यानं आपल्या घरात कधी पाहिलं नव्हतं. गर्दीतून ती कोणालातरी शोधत होती. तिची नजर एकेका चेहऱ्यावरून सरकत आली आणि थोरल्यावर थांबली. इतक्या जणांत तिनं त्याला शोधलं होतं.

"अरे," आई हाक मारून म्हणाली, "तो पंखा जरा धाकट्याकडे वळव."