दू कोरी दू

विश्वास ठेवा, नका ठेवू. ज्याच्यासोबत हे घडलं, तो तुळशीराम रायपूरच्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातच राहतो. त्याने सांगितलं तसंच सांगतो.

यंदाच्या मे महिन्यातला पहिला शनिवार. दुपारचा एक.

रायपूरला पाणी देणाऱ्या धरणावर तुळशीराम पाण्याची पातळी मोजतो. काठाच्या पायऱ्यांवर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. एकाने खाली उतरून आकडा ओरडायचा, दुसऱ्याने वरून तोच परत ओरडायचा, मगच वहीत लिहायचा. अशी तिथली रीत.

त्या दिवशी त्याचा जोडीदार देवीदास लग्नाला गेलेला. सुट्टीत आलेली आठ वर्षांची नात प्रज्ञा सोबत होती. तुळशीरामने तिलाच वर उभं केलं.

"मी म्हणीन तेच तू म्हण. अन् खाली येऊ नको, समजलं?"

"हव, आबा. बच्ची थोड़ी हूँ!"

तो उतरला. ऊन रणरणत होतं. वारा नाही. पक्षी नाही...

वर तोंड करून तो ओरडला, "बेचाळीस!"

"दू कोरी दू..."

तुळशीरामला हसू आलं. कोरी म्हणजे वीस. दोन वीस आणि वर दोन. इथल्या खेड्यांतली जुनी माणसं अशी मोजत.

"हे तुले कोणं शिकवलं वं पोट्टी?"



मग... "दू कोरी एक."

"अवं, चुकली! बेचाळीस म्हण."

"दू कोरी..."

आवाज वरून येत नव्हता.

पाठीमागून येत होता. पाण्याकडून.

आणि तो एकटीचा नव्हता. वर्गात पोरं एका सुरात म्हणतात ना, तसा...

त्याने वर नीट पाहिलं. कोणीच नव्हतं.

तो हळूच मागे वळला.

प्रज्ञा कमरेइतक्या पाण्यात उभी होती. पाठमोरी.

पायरी जेमतेम एका माणसापुरती. ती त्याच्या बाजूने गेली कधी?

त्याने पाण्यात उडी टाकून तिला ओढून काढलं.

"तुले खाली येऊ नको म्हटलं होतं ना!"

"आबा, मैं तो ऊपर ही थी..." तिने पाण्याकडे बोट केलं. "वो बच्चे गिनती सिखा रहे थे."

या धरणात बुडालेल्या गावांपैकी एका गावात शाळा होती. तुळशीरामला ते माहीत होतं.

त्याच संध्याकाळी तो तिला घेऊन रायपूरला आला.

दुसऱ्या सकाळी नळ आला. प्रज्ञा बादलीजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "एक कोरी उन्नीस." म्हणजे एकोणचाळीस.

तेव्हापासून रोज असंच. नळ आला की एक आकडा कमी. नंतर विचारलं तर तिला काही आठवत नाही.

काल ती म्हणाली, "एक."

आज पाण्याची वेळ टळून गेली आहे. सगळा मोहल्ला रिकामी भांडी घेऊन ताटकळतोय. पाणी येऊ नये असं वाटणारा तुळशीराम एकटाच. त्याने तोटी कापडाने आवळून बांधली आहे. नातीचा हात घट्ट धरून बसलाय. सोबतीला मला बोलावलंय.

नळात आत्ताच हवा फुसफुसली...

आणि प्रज्ञाने हात सोडवून घेतला.