मऊ पडलेला ड्रॅगन

"मी त्याला हीटरजवळ ठेवलाच नव्हता!" टॅमसिन ओरडली.

"मग काय आपोआप मऊ पडला?" क्लबचे जुने मेंबर मिस्टर डॉबसन अख्ख्या हॉलसमोर गरजले. "टाकून दे तो कचऱ्यात! आणि उद्यापासून क्लबात पाऊल टाकायचं नाही!"

नॉटिंगहॅमच्या या क्लबात बोटभर उंचीच्या खेळण्यातल्या शिपायांच्या लढाया रंगत. क्लबचा जुना, रेझिन नावाच्या टणक प्लॅस्टिकचा ड्रॅगन नव्याने रंगवायचं काम या सुट्टीत टॅमसिनला मिळालं होतं. आज जुना रंग काढायचा म्हणून तिने खोकं उघडलं, तर आत पंख लोंबलेला चिकट गोळा! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. न केलेल्या चुकीसाठी क्लब सोडायचा?

बाहेर पायऱ्यांवर तिचा दोस्त रूफस आणि मैत्रीण एडी धावत आले.

"रडू नकोस गं," रूफस म्हणाला.

"रडत नाहीये! चिडलेय!"

एडीने ड्रॅगन हुंगला. "शी! हा तर ताईच्या नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा वास!"

"डॉबसनची बरणी!" रूफसने कपाळावर हात मारला. "धातूच्या शिपायांचा रंग ते त्यातच बुडवून काढतात!"

"धातूला चालतं ते, रेझिनला नाही!" टॅमसिन उसळली. "चला, आत्ता जाब विचारते!"

"विचारलंस तर कानांवर हात ठेवतील," रूफस डोळे मिचकावत म्हणाला. "त्यांनाच करून दाखवू दे की!"

रंगवलेल्या रेझिनची एक टाकाऊ पातळ पट्टी अर्धी मोडून, एक तुकडा घेऊन तो साळसूदपणे आत गेला. "मिस्टर डॉबसन, एवढा रंग काढून द्याल? तुमच्यासारखं कुणाला जमत नाही!"

डॉबसन फुगले. "आण! तू जन्मलाही नव्हतास, तेव्हापासून काढतोय!" तुकडा बरणीत पडला.

उरलेला अर्धा टॅमसिनने घेतला. काय चाललंय ते बघायला क्लबप्रमुख हॅलमबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. खिडकी उघडी, हीटर बंद, हातांत रबरी मोजे. टॅमसिनने आधी कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल या सौम्य स्पिरिटचा थेंब लावून पाहिला, मग तुकडा थोडाच वेळ त्यात बुडवला आणि मऊ ब्रशने घासून साबणाच्या पाण्याने धुतला. रंग साफ! कडा शाबूत!

दुपारचा खेळ संपल्यावर डॉबसननी चिमट्याने आपला तुकडा काढला. तो चहात बुडालेल्या बिस्किटासारखा वाकला.

"डॉबसन," हॅलमबाईंचा आवाज चढला, "ड्रॅगनही यातच घातला होतात?"

"पोरांचं काम वाचावं म्हणून... रात्रभर... सकाळी बघतो तर..."

"आणि खापर पोरीच्या डोक्यावर फोडलंत? लाज वाटत नाही? शाबास, पोरांनो! टॅमसिन, यापुढे क्लबचं रंग काढायचं काम तुझं!"

"हो हो, हुशार आहे पोरगी! शाबास!" डॉबसन घाईघाईने म्हणाले.

"मला तुमची शाबासकी नकोय!" टॅमसिनच्या मुठी आवळलेल्याच होत्या. "सगळ्यांसमोर ओरडलात ना? मग माफीही सगळ्यांसमोर मागा!"

डॉबसननी टोपी काढली. "चूक माझी होती," ते पुटपुटले. "माफ कर."

"मागे ऐकू आलं नाही!" एडी ओरडली.

आणि डॉबसनना ते पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने.