पुसायची राहिलेली पाटी

घरात संगणक ठेवायची पद्धत बंद होऊन बराच काळ लोटला होता. प्रत्येकाच्या भिंतीवर एक काच असे. लिहायचं ते काचेवर उमटे, पण साठत असे दूर कुठल्याशा थंड तळघरात, 'अक्षरसेवे'च्या यंत्रात. आपण लिहायला बसलो की यंत्र आपल्या स्मृतीचा एक तुकडा वापरायला देई. त्याला सगळे पाटी म्हणत. आपलं काम संपलं की तीच पाटी नोंदणीच्या क्रमाने पुढच्या माणसाकडे जाई.

जाण्याआधी ती पुसली जात असेल, असं सगळे धरून चालले होते.

विश्राम केळुसकर पुस्तकांच्या सूची करत. कोणता शब्द कुठल्या पानावर आला आहे हे सांगणारी, पुस्तकाच्या शेवटची पानं. ते काम आता कुणाला नको होतं. तरी रत्नागिरीतल्या एका उंच इमारतीत एकटे राहणारे केळुसकर रोज सकाळी एखादं पुस्तक घेऊन काचेसमोर बसत. सूचीकाराची नजर शेवटाकडे जाणारच. एकदा मजकूर संपल्यावरही ते उगाच खाली सरकत राहिले, कोरी पानं ओलांडत गेले, आणि अगदी तळाशी त्यांना एक ओळ दिसली: 'आज कुणाशीच बोलले नाही.'

ती ओळ त्यांची नव्हती. बऱ्याच वेळाने, कुणी बघत नाही ना अशा बेताने, त्यांनी खाली लिहिलं, 'मीही.'

दुसऱ्या दिवशी तळाशी होतं, 'जेवलात का?'

वर्षभर हे असं चाललं. आणि आज दारात अक्षरसेवेची इंजिनिअर उभी होती. रेहाना मुकादम.

"काका, दुरुस्तीची सूचना आली की तुम्ही दर वेळी 'नंतर' दाबता. म्हणून मलाच यावं लागलं. तुमच्या पाटीत फट आहे."

"असू दे की. मला तिचा त्रास नाही."

"चोरालाही नाही. एका बाईंनी मृत्युपत्राचा मसुदा लिहिला, तो न पुसता पुढे गेला. वाचणाऱ्याने घर घशात घातलं त्यांचं."

केळुसकर खुर्चीचा हात धरून उभे राहिले. "पाच मिनिटं द्या. एक उत्तर यायचंय."

काल तळाशी ओळ होती, 'उद्यापासून गोळ्या बंद. कोणासाठी घ्यायच्या?' आणि त्यांनी, आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं ते, लिहिलं होतं, 'माझ्यासाठी घ्या.'

त्यांनी काच उघडली. भराभर खाली सरकले. डाव्या डोळ्याने वाचलं, मग मोठ्याने वाचलं, "'बरं. तुम्ही म्हणता तर घेते.'" आणि ते हसले. "बघा! घेतेय ती."

रेहाना हसली नाही. ती समोरच्या स्टुलावर बसली.

"काका, पाटी एकाच दिशेला जाते. त्यांची तुमच्याकडे येते. तुमची त्यांच्याकडे कधीच जात नाही. ती तुमच्या पुढच्या माणसाकडे जाते."

"मग ती 'तुम्ही' कुणाला म्हणाली?"

"त्यांच्या मागच्याला. त्याने नातवाला लिहिलं असेल, औषध वेळेवर घे. यांना वाटलं, आपल्यालाच."

"पण रोज जुळायचं ते! मी विचारायचो, ती सांगायची."

"एकटी माणसं काय विचारतात, काका? जेवलात का, झोप लागली का. जुळतंच. पुष्कळांना ही फट सापडली होती. एकानेही तक्रार केली नाही. म्हणून तर वर्षभर आम्हाला पत्ता नव्हता."

केळुसकरांचा हात नकळत उजव्या डोळ्याकडे गेला. काचबिंदू. पावसाळ्यात त्यांनी पाटीवर विचारलं होतं, 'डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. करू का?' उत्तर आलं होतं, 'राहू दे. आहे तसं बरं आहे.' तो डोळा आता उजेडसुद्धा ओळखत नव्हता, आणि डाव्यातही काचबिंदू सुरू झाला होता. हे सगळं त्यांनी रेहानाला सांगितलं.

"मी एकदा लिहिलं होतं," ते हळूच म्हणाले, "'लेकीकडे जाऊ नका, इथेच राहा.' ते कुणी वाचलं असेल?"

"तुमच्या पुढच्याने."

"राहिला असेल का तो?"

रेहानाने पिशवीतून उपकरण काढलं आणि काचेच्या कडेला लावलं. "शेवटचं काही लिहायचंय? सगळेच मागतात. मी थांबते, तेवढं पुढे गेलं की फट बुजवते."

त्यांनी एक शब्द लिहिला, पुसला. दुसरा लिहिला. जो वाचून पुढचं कुणीतरी तसंच वागणार नाही, असा एकही शब्द त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी हात मांडीवर घेतले आणि मानेनेच 'पुसा' म्हटलं.

काच क्षणभर विझली, पुन्हा पांढरी झाली. तळापर्यंत पांढरी.

दाराशी जाऊन रेहाना वळली. "काका, डाव्याचं ऑपरेशन तरी करून घ्या. उशीर नका करू. डॉक्टरांना मी फोन लावू?"

"नको, नको. सांगतो मी," केळुसकर म्हणाले. त्यांची नजर काचेकडे गेली होती. "विचारून सांगतो."