आत कोण आहे?

नेपाळमधील यादवी युद्धाच्या आठवणी स्थलांतरितांकडून ध्वनिमुद्रित करणे हे माझ्या संशोधनाचे काम. त्यासाठीच त्या दुपारी दौंडहून कारेगावला गेले. मूळची नेपाळची सोनम तिथल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. वीज गेली होती. तिच्या खोलीवरचे पत्रे उन्हाने तडतडत होते. कोपऱ्यात भाताचे एक ताट झाकून ठेवले होते.

घरमालकीण सगुणाबाई गप्पांच्या ओढीने येऊन बसल्या होत्या.

"लई गुणाची हाय. पन दाराआडून हाक मारा, ओ देत न्हाई. गुमान दार उघडती. चोराला बी च्या पाजंल ही!"

सोनम हसली नाही.

"दादा फौजेत, धाकटा भाऊ बंडखोरांत," ती सांगू लागली. "धाकटा भुकेला आला, म्याडम. आत जेवत होता. तेवढ्यात दादाची तुकडी आली. बंडखोरांची घरं जाळायचा हुकूम होता. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. दादानं विचारलं, आत कोण आहे? खरं सांगितलं तर धाकट्याला गोळी... मी म्हटलं, कोणी नाही."

"मग?"

"दादाचा माझ्यावर विश्वास. रिकामं घर म्हणून पेटवलं. मला वाटलं, धाकटा मागच्या खिडकीतून निघेल..."

पत्रा तडकला.

"राखेत दादाला ताट दिसलं. महिन्याभरात तोही गेला. आता रोज दाराशी येऊन तेच विचारतो. मी बोलत नाही. उत्तर मिळत नाही तोवर धाकटा जेवत राहतो."

'अपराधभावातून उद्भवलेला भास,' अशी नोंद मी मनाशी केली. त्याच वेळी दार वाजले.

"आत कोण आहे?" पुरुषी आवाज, थकलेला, सौम्य, मराठीत.

सोनम सगुणाबाईंच्या तोंडावर हात ठेवायला झेपावली.

"कोन न्हाई रं! आमी बायकाच हाव!"

सगुणाबाईंनी कडी काढून दार सताड उघडले. बोळात दोरीवरच्या कपड्यांखेरीज काही नव्हते.

सोनम ताटापाशी खाली बसली.

"दादाला मराठी... कधी आली?"

संध्याकाळी दौंडला मी ध्वनिमुद्रण ऐकले. त्यात दार वाजत नाही. पुरुषाचा आवाजही नाही. याचे स्पष्टीकरण देता येईल. परंतु आरंभापासून सोनमच्या बोलण्यामागे कुणीतरी सावकाश जेवते आहे. सगुणाबाईंच्या उत्तराशी ते जेवण थांबते. मग कडी निघते. आणि त्यानंतर, माइकच्या अगदी जवळ, कुणीतरी काडेपेटीवर काडी ओढते.