बाबांनी लिहिलेला नंबर

मँडोलिनचं वय विचारलं की लोक त्याच्या रंगाकडे बघतात. वय आत असतं. पोटावरच्या भोकातून दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला आरसा घालायचा, बारीक बॅटरी धरायची आणि मानेच्या मुळाशी असलेल्या ठोकळ्यावरचा नंबर वाचायचा. मग कारखान्याच्या यादीत तो नंबर कोणत्या साली येतो ते पाहायचं. एकेक आकडा हाताने ठोकलेला असेल तर वाद्य जुनं. यंत्राने एका दमात उमटवलेला असेल तर नंतरचं.

हे मला बाबांनी शिकवलं. आणि याच कामात त्यांना खोटारडं ठरवलं गेलं. तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून निवलेलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एका मँडोलिनच्या वयाच्या दाखल्यावर नंबर लिहिला ११३२. चार महिन्यांनी वाद्य परीक्षक मंडळाच्या सचिवांनी तेच वाद्य तपासलं आणि अहवालात लिहिलं ९०४६. निष्कर्ष काय, तर वाद्य जुनं दाखवायला बाबांनी मनाचा नंबर घातला. मंडळाच्या परीक्षकांच्या यादीतून त्यांचं नाव काढून टाकलं. दुसऱ्याच्या वाद्याची जुनी तारसुद्धा परत करणारा माणूस तो! "जे दिसलं ते लिहिलं," एवढंच ते म्हणत राहिले. सहा वर्षांनी गेले, तेही हेच म्हणत.

मागच्या सोमवारी ते मँडोलिन माझ्या दुकानात आलं. त्याच्या मालकीणबाईंना फक्त तारा बदलून हव्या होत्या. मी आधी ओळखलंच नाही. मग भोकाच्या डावीकडे लाकडातली ती काळपट गाठ दिसली, शर्टाच्या बटणाएवढी, आणि तिला वळसा घालून गेलेल्या रेषा. बाबांच्या दाखल्याला जोडलेला फोटो शोधून शेजारी ठेवला. रेषा मोजल्या. नंबर खोटा ठोकता येतो, लाकडातल्या रेषा खोट्या करता येत नाहीत. वाद्य तेच होतं.

आरसा घातला. नंबर २०५१७.

कारखान्याची यादी २०४९६ ला संपते. त्यानंतर कारखानाच बंद पडला.

मंगळवारी परत पाहिलं, तर २०५३०. मी त्याचा फोटो काढला. बुधवारी फोटोत २०५३० होतं आणि ठोकळ्यावर २०५३४. मानेवर अंगठ्यांनी घासून पडलेली खळगी भरून आली होती. भोकाला नाक लावलं तर आतून ताज्या सरसाचा उग्र वास आला.

मी घाबरले, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. सचिवांना फोन लावला. "उद्या सकाळी अकराला दुकानात या. नाही आलात तर वाद्य घेऊन मी तुमच्या घरी येईन."

आले. लहानपणी मी त्यांना काका म्हणायचे. गाठ बघताच त्यांनी टेबलाची कड धरली.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच वाचा, साहेब."

ते आरशात बघत राहिले. "वीस हजार पाचशे एकेचाळीस."

"नवल नाही वाटलं तुम्हाला."

त्यांनी आरसा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तेव्हाही असंच झालं होतं. सकाळी आठ हजारांतलं काहीतरी वाचलं. जेवून आलो तर नऊ हजार सेहेचाळीस."

माझी कानशिलं तापली. "म्हणजे बाबा खरं बोलत होते हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पोरी, असलं काही अहवालात लिहिलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. आमच्यापैकी एकाचं नाव जाणारच होतं."

"म्हणून त्यांचं घालवलंत? आणि बावीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात? ते गेले तेव्हा हार घेऊन आला होतात तुम्ही! लाज कशी नाही वाटली?"

मी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा. तेव्हा काय दिसलं, आज काय दिसतंय. खाली सही करा. त्यांचं नाव यादीत परत जायला हवं."

त्यांनी कागद हाताने मागे लोटला. "मी कशावरही सही करणार नाही."

माझ्या तोंडून शिवी निघणार, तोच मँडोलिनमधून आवाज आला.

टक्.

ते टेबलावर होतं. आमच्यापैकी कुणाचाही हात त्याला लागलेला नव्हता.

टक्. मग तेवढ्याच अंतराने आणखी तीन. पाच आकडे, हाताने ठोकावेत तसे.

मी आरसा उचलला नाही. नुसती बॅटरी धरली. आत पाठीवर चिकटवलेली कारखान्याची चिठ्ठी आरशाशिवायही दिसते. सोमवारी ती तपकिरी होती, कडा वाळवीने खाल्लेल्या. आता पांढरीशुभ्र होती.

खालच्या कोपऱ्यात छापलं होतं, "तपासणारे". पुढे बाबांची सही. शेवटच्या वर्षी हात कापायचा तेव्हाची नव्हे. ठाम, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढलेली.

तिच्याखाली दुसरी सही होती. ती मी अहवालावर इतक्या वेळा पाहिली होती की झोपेतही ओळखली असती.

"वाचा," मी म्हटलं आणि बाजूला झाले.

सचिव वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांचा हात खिशाकडे गेला. पेन तिथेच होतं, टोपण घट्ट लावलेलं.

त्यांच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला शाई लागली होती.