अकरा वेळा मेलेली सिद्धम्मा

चुडाव्याच्या स्टेशनामागं कापसाची एक जिनिंग गिरणी कैक वर्षांपासून बंद आहे. भरदुपारी आत उजेड म्हणाल तर पत्र्याच्या भोकांतून गळेल तेवढाच. गेल्या मार्गशीर्षात सोनपेठची साठीतली सिद्धम्मा तिथं गेली, ती भाचीच्या सिनेमात मरायला.

मरणं तिला नवं नव्हतं. तरुणपणी मुंबईला जाऊन तिनं भुताच्या सिनेमांत कामं केली होती. आधी हवेलीतल्या चेटकिणीनं तिचा गळा आवळला. पुढं चेटकिणी मागं पडल्या, मुखवटेवाले आले. त्यांनी तिला न्हाणीत, मोटारीत, उसात भोसकलं. कॅसेटी जाऊन सीड्या आल्या, तरी सुरुवातीलाच मरायची ती हीच. अकरा वेळा मेली. तिची आई सुलाबाई व्हिडिओ सेंटरात प्रत्येक मरण बघायची आणि दोन दिवस ताटाला शिवायची नाही.

"माय, खोटं असतंय गं ते."

"असू दे खोटं. यकदा तरी जित्ती ऱ्हा की."

आई गेली, तेही आता जुनं झालं.

भाची ऋतुजानं तिला कापसाच्या कुजक्या गाठींपुढं उभं केलं आणि मोबाइल तिपाईवर लावला.

"आत्या, आपला मारेकरी शिवकांत बाहीरच मुखवटा घालून थेट आत येणार हाय. हातात पुठ्ठ्याचा कोयता. तू किंचाळायचं अन् पडायचं."

"अन् न्हाई पडले तर?"

"पहिली बाई मेल्याबिगर लोक भ्यायचे कसे?"

दार करकरलं. मुखवटा आत आला. सरकीच्या कुबट वासात ओल्या मातीचा वास मिसळला. पाऊल वाजत नव्हतं. तो जवळ आला, आणखी जवळ... सिद्धम्मानं मुखवटे हातभरावरून पाहिलेले; आतला माणूस घामानं, धापेनं कळतोच. हा श्वासच घेत नव्हता.

कोयता वर गेला. सवयीनं तिचा घसा उघडला. तेवढ्यात तिला आईचं झाकून ठेवलेलं ताट दिसलं. तिनं तोंड मिटलं.

"ऋतुजा... हा शिवकांत न्हाई..."

"आत्या... पळ..."

"न्हाई पळायची."

ती एक पाऊल पुढं सरली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. विहिरीच्या तळातल्या दगडासारखं गार. तिनं पकड सोडली नाही.

"लय मारलंस रं. चेटकीण होऊन मारलंस, मुखवटा लावून मारलंस. आज न्हाई मरायची मी. टाक खाली!"

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मूठ उघडली. कोयता फरशीवर खणकन वाजला. ते जे काही होतं, ते तिच्याकडं तोंड करूनच मागं मागं सरकत दाराबाहेर गेलं.

मोबाइल वाजला. शिवकांत होता. "गाडी अजून पूर्णेलाच थांबलीय गं... मुखवटा, कोयता समदं माझ्याच पिशवीत हाय. थांबा हां."

ऋतुजा शूटिंग पुसायला निघाली. सिद्धम्मानं तिचा हात धरला. "पुसू नको. असंच दाखव लोकांला. पहिली बाई जगली म्हणावं."

खाली पडलेला कोयता अस्सल लोखंडी होता. तो तिनं पदरात गुंडाळून सोनपेठला आणला. शेजारणी म्हणतात, गोदावरीत टाक. ती त्यानंच म्हशीला कडबा तोडते. फक्त एक आहे. थंडीच्या पहाटे ती कोयता उचलते, तेव्हा मूठ उबदार असते, कुणी आत्ताच हातातून खाली ठेवल्यासारखी.